मोशेचे सूटपत्र आणि चर्चचा निवाडा: घोटाळा कुठे होतो?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घटस्फोट आणि धर्म या विषयावरच्या लेखांत दोन विधाने हमखास येतात. प्राचीन यहुदी कायद्यात नवरा मनात येईल तेव्हा बायकोला घराबाहेर काढू शकत असे, हे पहिले. येशूने घटस्फोट बंद केला, म्हणून ख्रिस्ती धर्मात तो नाही, हे दुसरे. दोन्हींत थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच ती इतकी वर्षे टिकून आहेत. पण या दोन विधानांवर भिस्त ठेवून लिहिणाऱ्याला मिश्ना हा यहुदी नियमसंग्रह उलगडत नाही, शुभवर्तमानातला (येशूच्या बायबलमधल्या चरित्रांतला) वादही कळत नाही. भांडण खरे तर पुनर्विवाहाचे आहे. यहुदी कायद्यात घटस्फोट म्हणजेच पुन्हा लग्न करण्याची मोकळीक. पश्चिमेकडच्या चर्चने ही जोडी फोडली: वेगळे राहा, पण दुसरे लग्न नाही. पुढचे बहुतेक सगळे गुंते तिथून सुरू होतात.

आधी मूळ वचन पाहू. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या, मोशेच्या नियमांच्या पुस्तकातला २४:१-४ हा उतारा घटस्फोटाची परवानगी देणारा कायदा म्हणून उद्धृत केला जातो. प्रत्यक्षात पहिली तीन वचने म्हणजे एक लांबलचक ‘जर’ आहे. एखाद्याने बायको केली, तिच्यात काही अनुचित आढळून ती त्याच्या मनातून उतरली, त्याने सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाचा कागद, लिहून तिच्या हाती दिले, ती दुसऱ्याची झाली, मग त्या दुसऱ्यानेही सूटपत्र दिले किंवा तो मेला. ‘तर’ येतो चौथ्या वचनात आणि तो इतकाच, की पहिल्या नवऱ्याने तिला पुन्हा बायको करू नये. घटस्फोट द्या असे मोशे कुठेच सांगत नाही. लोक तो देतच होते. कायद्याने फक्त त्याचा एक परिणाम कायमचा केला. सूटपत्र देणाऱ्याने समजून असावे, की ती एकदा दुसऱ्या घरात गेली की परतीची वाट बंद. मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय १९) परूशी, म्हणजे कर्मठ यहुदी पंथाचे लोक, मोशेने ‘आज्ञा’ का दिली असे विचारतात आणि येशू त्यांना मोशेने ‘मुभा’ दिली असे उत्तर देतो, ते या रचनेला धरूनच आहे.

त्याच पुस्तकात नवऱ्याचा हा हक्क काढून घेणारी दोन प्रकरणे आहेत, ती मात्र क्वचितच कोणी सांगतो. नवविवाहितेवर कौमार्याबद्दल खोटा आळ घेणाऱ्याला शिक्षा, १०० शेकेल चांदी दंड आणि जन्मभर तिला सोडण्याची बंदी (२२:१९). कुमारिकेवर बळजबरी करणाऱ्याने तिच्या बापाला ५० शेकेल द्यायचे, तिच्याशी लग्न करायचे आणि तिला कधीही सोडायचे नाही (२२:२९). आजच्या नजरेला दुसरा नियम भयंकर वाटतो, पण त्या काळाचा हिशेब तिच्या उदरनिर्वाहाचा होता. ‘निर्गम’ या दुसऱ्या पुस्तकातली २१:१०-११ ही वचने त्याहून महत्त्वाची. दासी म्हणून आणलेल्या बायकोवर दुसरी केली, तरी पहिलीचे अन्न, वस्त्र आणि वैवाहिक हक्क कमी करायचे नाहीत. केले तर ती एक पैसाही न देता मोकळी. दासीला जे मिळते ते स्वतंत्र स्त्रीला मिळालेच पाहिजे, असा तर्क करून रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, पुढे बायकोच्या हक्कांची सारी इमारत या दोन वचनांवर उभारली.

सगळीकडे एकच पद्धत होती असेही नाही. इजिप्तमध्ये नाईलमधल्या एलिफंटाईन बेटावर यहुदी सैनिकांची वसाहत होती. तिथले इ.स.पूर्व पाचव्या शतकातले अरामी विवाहकरार सापडले आहेत. त्यांत नवरा किंवा बायको, दोघांपैकी कोणीही मंडळीसमोर उभे राहून ‘मला याचा (किंवा हिचा) द्वेष आहे’ असे म्हणू शकत असे. असे म्हणणाऱ्या बायकोने साडेसात शेकेल ‘द्वेषाची चांदी’ मोजायची, आपले आणलेले सामान उचलायचे आणि हवे तिथे जायचे. रब्बींच्या कायद्यात बायकोला हा अधिकार उरला नाही.

आता कागदाकडे येऊ, कारण खरी मेख त्यात आहे. मिश्ना इ.स. २०० च्या सुमारास संकलित झाली. तिच्यात सूटपत्रासाठी ‘गित्तीन’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यानुसार सूटपत्राचा गाभा एकच वाक्य आहे: तू आता कोणत्याही पुरुषासाठी मोकळी आहेस. हे नसेल तर बाकी कितीही लिहा, ते सूटपत्र नाही. ‘अमुक एक सोडून कोणाशीही’ असा अपवाद घातला तरी कागद बाद. मृत समुद्राजवळच्या वादी मुरब्बातच्या गुहेत इ.स. ७१ च्या आसपासचे मानले जाणारे एक खरेखुरे सूटपत्र मिळाले आहे. मसादा येथे राहणारा नक्सानचा मुलगा योसेफ योनाथानची मुलगी मिर्यम हिला ते देतो. तो स्वखुशीने तिला सोडत असल्याचे सांगतो, तिला हव्या त्या यहुदी पुरुषाची बायको होण्याची मोकळीक देतो, हुंडा परत करतो आणि मागशील तेव्हा हा दस्तऐवज पुन्हा लिहून देईन असेही कबूल करतो. शेवटचे कलम मुद्दाम पाहावे. कागद फाटला, भिजला, हरवला तर दुसऱ्या लग्नाच्या वेळी ती काय दाखवणार?

सूटपत्र ज्या बायकोसाठी आहे, नेमके तिच्यासाठीच ते लिहिलेले असावे लागते. मिश्नातले उदाहरण असे: लेखनिक सरावासाठी ‘अमुक अमक्या स्त्रीला सोडतो’ असे लिहून मोठ्याने वाचत आहेत. रस्त्याने जाणारा माणूस म्हणतो, अरे, हे तर माझेच नाव आणि माझ्याच बायकोचे! तो कागद उचलून त्याने दिला, तर उपयोग शून्य. एकाने आपल्या बायकोसाठी लिहवून घेतले, मग मन बदलले, आणि गावातल्या त्याच नावाच्या दुसऱ्याने तो कागद वापरला, तरी तोच निकाल. म्हणून तयार नमुने ठेवणाऱ्या लेखनिकाने नवऱ्याचे नाव, बायकोचे नाव आणि तारीख यांच्या जागा कोऱ्या सोडायच्या. दिवसा लिहून रात्री सह्या झाल्या तर यहुदी दिनगणनेत तारीख बदलते, आणि बहुमताने तोही बाद. कशावर लिहावे याला मात्र फारसे बंधन नव्हते. ऑलिव्हच्या पानावर चालेल, गाईच्या शिंगावरही चालेल. फक्त मग गाय द्यावी लागेल. जमिनीला जोडलेल्या झाडावर चालत नाही, कारण तोडेपर्यंत ते ‘देता’ येत नाही.

हाती देण्याचेही नियम आहेत. बायको तिच्या मालकीच्या घरात किंवा अंगणात असताना नवऱ्याने सूटपत्र आत फेकले, तरी घटस्फोट झाला. तीच नवऱ्याच्या घरात असेल आणि कागद तिच्या शेजारी अंथरुणात पडला, तरी झाला नाही. रस्त्यावर टाकला तर तो कोणाच्या जवळ पडला हे बघायचे. बाहेरदेशाहून पाठवलेले सूटपत्र आणणाऱ्या दूताने ‘माझ्यासमोर लिहिले, माझ्यासमोर सही झाली’ असे सांगावे लागे. याचे कारण अगदी व्यवहारी होते. उद्या नवऱ्याने सही नाकारली तर परदेशातले साक्षीदार कुठून आणायचे? थोरला गमलियेल या रब्बीने पहिल्या शतकात दोन पळवाटा बुजवल्या. पूर्वी नवरा सूटपत्र पाठवून देई आणि ते पोहोचायच्या आत दुसऱ्या गावी तिघांचे न्यायमंडळ बसवून ते रद्द करी. बायकोला पत्ताच नसे, ती दुसरे लग्न करी आणि पुढची मुले कलंकित ठरत. हे त्याने बंद केले. शिवाय नवरा-बायकोची गावोगावची सगळी नावे कागदात लिहायला लावली.

या सगळ्या तपशिलांचे बहुतेक धागे एकाच भीतीपाशी जातात. सूटपत्रात दोष निघाला तर ती स्त्री अजून पहिल्याचीच बायको, म्हणजे दुसऱ्याशी झालेला संसार हा व्यभिचार, आणि त्यातली मुले ‘मामझेर’. अशा मुलांना यहुदी समाजात सर्वसाधारण लग्न करता येत नाही. आजही ऑर्थोडॉक्स (परंपरानिष्ठ) यहुदी पद्धतीत सूटपत्र बारा ओळींचे असते. कागद, शाई आणि लेखणी आधी नवऱ्याच्या मालकीची करून घेतात, नावांच्या उच्चारावर आणि स्पेलिंगवर न्यायमंडळ तासचे तास घालवते. बायकोच्या हाती कागद पडला की ती तो घेऊन चार पावले चालते, मग न्यायमंडळ तो परत घेते, चिरते, आपल्याकडे ठेवते आणि तिला वेगळा दाखला देते. कागद चिरण्याचा हेतू हाच, की पुढे कोणी त्यात खुसपट काढू नये.

घाईला लगाम घालणारी आणखी एक युक्ती सांगण्यासारखी आहे. याजकाच्या घराण्यातल्या पुरुषाला घटस्फोटितेशी लग्न करता येत नाही (लेवीय २१:७). त्यामुळे त्याने रागाच्या भरात स्वतःच्या बायकोला सोडले, तर ती कोणाशीही लग्न न करता राहिली तरी तो तिला परत आणू शकत नाही. अशा तापट याजकांसाठी ‘घडीचे’ सूटपत्र होते, असे तालमूद हा मिश्नावरचा भाष्यग्रंथ सांगतो. ओळ लिहायची, घडी घालायची, शिवायची, बाहेरून साक्षीदाराची सही. पुन्हा पुढची घडी. साध्या सूटपत्राला दोन साक्षीदार पुरत, याला किमान तीन. एवढे होईपर्यंत डोके थंड व्हावे हा उद्देश.

आता पैशाचा भाग. ‘मनात येईल तेव्हा’ हे विधान इथे अडखळते. लग्नाच्या करारात, म्हणजे केतुबात, नवरा बायकोला घटस्फोट किंवा वैधव्य आल्यास ठरावीक रक्कम देणे लागतो: कुमारिकेला किमान २०० झूझ (चांदीची नाणी), विधवेला किंवा घटस्फोटितेला १००. ही रक्कम किती मोठी? मिश्नाच्याच दुसऱ्या नियमानुसार ज्याच्याकडे २०० झूझ आहेत त्याने शेतातला गरिबांचा वाटा घेऊ नये. थोडक्यात, एका माणसाला वर्षभर पुरेल इतके. पूर्वी ही रक्कम बाजूला काढून ठेवत, असे तालमूदमध्ये आहे. त्यामुळे भांडण झाले की नवरा म्हणे, तुझे पैसे घे आणि चालती हो. इ.स.पूर्व पहिल्या शतकात शिमोन बेन शेताह या धर्मपंडिताने नियम बदलला. रोख बाजूला ठेवायची नाही, तर नवऱ्याची सगळी मालमत्ता त्या देण्याला तारण. आता सोडायचे तर शेत किंवा घर विकावे लागणार. बायकोला घालवून देणे नवऱ्याला हलके वाटू नये, हा हेतू ग्रंथात स्पष्ट लिहिलेला आहे. तरतूद धनदांडग्याला अडवणारी नव्हती आणि कफल्लकाकडून वसुलीही होणार नव्हती, हे खरेच. मधल्या वर्गाला मात्र ती जाचक होती.

बायकोनेही केतुबा गमावण्याच्या वाटा होत्या. केस मोकळे सोडून बाहेर जाणे, रस्त्यावर सूत कातणे, परक्या पुरुषांशी बोलत बसणे अशी मिश्नातली यादी आज वाचवत नाही. पण तिच्या बाजूचे हिशेबही त्याच ग्रंथात आहेत. नवरा तिसऱ्यामार्फत बायकोला पोसत असेल तर आठवड्याला दोन काब गहू किंवा चार काब जव, अर्धा काब कडधान्य, अर्धा लोग तेल, एक काब सुके अंजीर (काब आणि लोग ही जुनी मापे). शिवाय खाट, चटई, दर सणाला चपला, वर्षाला ५० झूझचे कपडे. वैवाहिक हक्काचेही वेळापत्रक आहे: मजुराने आठवड्यातून दोनदा, गाढवे हाकणाऱ्याने एकदा, उंटवाल्याने ३० दिवसांतून एकदा, खलाशाने सहा महिन्यांतून एकदा. शरीरसंबंध नाकारणाऱ्या बायकोच्या केतुबातून आठवड्याला सात दिनार कापायचे (दिनार आणि झूझ एकाच किमतीचे), म्हणजे २०० ची रक्कम एकोणतिसाव्या आठवड्यात संपते. नाकारणारा नवरा असेल तर तिच्या केतुबात आठवड्याला तीन दिनारांची भर. सात आणि तीन यांतला पक्षपात उघड आहे. तरी नवऱ्याचे नाकारणेही अपराध धरले होते, हे विसरून चालणार नाही.

नवरा सोडायला तयार नसेल तर? मूळ नियम कडक आहे: स्त्री तिच्या इच्छेने वा इच्छेविरुद्ध सोडली जाऊ शकते, पुरुष मात्र स्वतःच्या इच्छेनेच सोडतो. तरीही काही नवऱ्यांवर सक्ती होई. अंगभर फोड असलेला, नाकातल्या विकाराने दुर्गंधी येणारा, कुत्र्याची विष्ठा गोळा करणारा (ती कातडी कमावायला लागे), तांबे गाळणारा, चांभारकुंडावर काम करणारा, अशी यादी मिश्ना देते. लग्नाआधी तिला माहीत असले तरी ‘वाटले होते सोसेन, पण नाही सोसवत’ असे म्हणण्याचा हक्क तिला आहे. सिदोनमध्ये एक कातडी कमावणारा निपुत्रिक मेला आणि त्याचा भाऊही त्याच धंद्यातला होता. निपुत्रिक विधवेने दिराशी लग्न करण्याची रीत होती; ते लग्न नाकारताना ती म्हणू शकते, असा निर्णय झाला, की तुझ्या भावाचे सोसले, तुझे नाही सोसायचे. आणि सक्तीचा मार्ग? ‘माझी इच्छा आहे’ असे तो म्हणेपर्यंत त्याला बदडायचे. स्वेच्छेचा नियमही मोडत नाही आणि कामही होते. कायदेपंडितांची ही करामत वाचून हसू येते. मात्र परधर्मी सत्तेने परस्पर सक्ती केली तर सूटपत्र बाद. न्यायमंडळांच्या हातचे दंडाधिकार जसे गेले, तशी ही वाट अरुंद झाली. नवरा बेपत्ता, वेडा किंवा अडेल असेल तर बायको ‘अगुना’ म्हणजे अडकलेली राहते. बेपत्ता नवऱ्याच्या मृत्यूसाठी रब्बींनी एकाच साक्षीदारावर, स्त्रीच्या साक्षीवरही, भागवले. इतर खटल्यांत हे चालत नसे. पण तो जिवंत परतला तर तिला दोघांनाही सोडावे लागे. म्हणून साक्ष आधी नीट तपासा, अशी तंबी होती. राब्बेनू गेर्शोम यांच्या नावावर असलेल्या, इ.स. १००० च्या सुमारच्या फर्मानाने अश्केनाझी (जर्मनी-फ्रान्सकडच्या) यहुद्यांत बायकोच्या संमतीशिवाय घटस्फोट आणि बहुपत्नीत्व दोन्ही बंद झाले. अडेल नवऱ्याचा प्रश्न त्याने सुटला नाही. इस्रायलने १९९५ च्या कायद्याने अशा नवऱ्याचा वाहन परवाना, पासपोर्ट, बँक व्यवहार रोखण्याची आणि त्याला तुरुंगात टाकण्याची सोय केली आहे.

आता शुभवर्तमानाकडे. येशूच्या काळी घटस्फोट देता येतो का, हा वाद नव्हताच. कोणत्या कारणाने देता येतो, हा होता. शम्माई आणि हिल्लेल या दोन रब्बींच्या परंपरांत मतभेद होता: शम्माईची म्हणे, अनाचार आढळला तरच. हिल्लेलची म्हणे, स्वयंपाक करपवला तरी. पुढे रब्बी अकिवाने टोक गाठले: दुसरी अधिक देखणी मिळाली तरी. व्यवहारात हिल्लेलचे मत चालले. जोसेफस हा इतिहासकार कायद्याचा सारांश देताना ‘कोणत्याही कारणासाठी’ असे लिहितो, आणि स्वतःच्या बायकोला तिचे वागणे आवडले नाही म्हणून सोडल्याचेही सांगतो. मत्तय १९:३ मधला परूश्यांचा प्रश्न ‘कोणत्याही कारणावरून’ असाच आहे. हा संदर्भ सोडून तो प्रश्न वाचला की येशूचे उत्तर अधांतरी लोंबकळते.

उत्तराची नोंद चार ठिकाणी आहे आणि चारही एकसारख्या नाहीत. मार्क १० मध्ये कोणताही अपवाद नाही. तिथले नवे काय ते म्हणजे बायकोला टाकून दुसरी करणारा ‘तिच्याविरुद्ध’ व्यभिचार करतो. यहुदी कायद्यात व्यभिचार नेहमी दुसऱ्याच्या बायकोशी, म्हणजे दुसऱ्या नवऱ्याविरुद्ध होत असे. स्वतःच्या बायकोविरुद्ध पुरुष व्यभिचारी ठरू शकतो हे त्या कायद्यात नव्हते. माझ्या मते त्या उताऱ्यातले सर्वांत मोठे वाक्य ते आहे, आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मार्क पुढे नवऱ्याला टाकणाऱ्या बायकोचाही उल्लेख करतो. रोमन कायद्यात तसे करता येत होते. यहुदी समाजात हेरोदाच्या बहिणीने नवऱ्याला सूटपत्र पाठवले तेव्हा जोसेफसने ते कायद्याबाहेरचे म्हणून नोंदवले. लूक १६:१८ घटस्फोटितेशी लग्न करणाऱ्यालाही व्यभिचारी धरतो. मत्तय मात्र दोन्ही ठिकाणी (५:३२ आणि १९:९) ‘जारकर्माच्या कारणाशिवाय’ असा अपवाद ठेवतो.

या अपवादावर ग्रंथालये भरली आहेत. एक साधी गोष्ट आधी लक्षात घ्यावी. मिश्नाप्रमाणे व्यभिचारी बायको नवऱ्याला निषिद्ध होते आणि त्या जारालाही. तिला सोडणे हा नवऱ्याच्या मर्जीचा प्रश्न नसून कर्तव्य होते. इ.स.पूर्व १८ मधला ऑगस्टसचा कायदाही असाच: बायकोचा व्यभिचार माहीत असून तिला ठेवणारा नवरा कुंटण म्हणून शिक्षेस पात्र. मत्तय १:१९ मधला योसेफ मरियेला गुपचूप सोडायला निघतो, तो ‘नीतिमान’ म्हणूनच. आणि वाङ्‌निश्चय मोडायलाही सूटपत्र लागत असे. तेव्हा मत्तयचा अपवाद म्हणजे त्याच्या यहुदी वाचकांना उघड असलेली गोष्ट शब्दांत मांडलेली, असे मानायला जागा आहे. त्या अपवादाने सोडणे फक्त क्षम्य होते की दुसरे लग्नही, इथे मात्र चर्चची शकले झाली.

आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय (१ करिंथ ७) या सर्वांहून आधीचा, पन्नाशीच्या दशकातला. करिंथ ही रोमन वसाहत होती. तिथे घटस्फोटाला कागदही लागत नसे, घर सोडले की झाले. पौल ‘प्रभूची आज्ञा’ म्हणून सांगतो: बायकोने वेगळे होऊ नये, झालीच तर लग्नाविना राहावे किंवा समेट करावा. मग ‘हे प्रभू नव्हे, मी सांगतो’ असे बजावून विश्वासी आणि अविश्वासी यांच्या जोडप्याकडे वळतो: अविश्वासी जात असेल तर जाऊ द्या, अशा वेळी बंधू किंवा भगिनी बांधलेली नाही. नवरा मेल्यावर विधवा हव्या त्याच्याशी लग्न करण्यास मोकळी (७:३९), हे सांगतानाचे त्याचे शब्द सूटपत्राच्या मजकुराशी जुळतात. सूटपत्रांच्या भाषेत वाढलेला माणूस लिहितो आहे हे कळते.

पहिल्या शतकांत चर्चची भूमिका एकसुरी नव्हती. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक हर्मास सांगतो, व्यभिचारी बायकोला सोडा, पण दुसरी करू नका, कारण ती पश्चात्ताप करून परत येईल. इ.स. ३०५ च्या आसपास स्पेनमधल्या एल्विराच्या परिषदेने कारण नसताना नवरा सोडून दुसरा करणाऱ्या स्त्रीला मरणसमयीही प्रभुभोजन नाकारले. नवरा व्यभिचारी असेल तर नवऱ्याच्या मृत्यूपर्यंत किंवा ती स्वतः गंभीर आजारी पडेपर्यंत. ३१४ मध्ये आर्लच्या परिषदेने बायको व्यभिचारात सापडलेल्या तरुण नवऱ्यांना दुसरे लग्न न करण्याचा ‘शक्य तितका सल्ला द्यावा’ असे म्हटले. एकीकडे बहिष्कार, दुसरीकडे सल्ला. लिंगभेद सांगायला नको. सम्राट कॉन्स्टंटाईनचा ३३१ चा कायदाही त्याच वळणाचा. क्षुल्लक कारणावरून नवऱ्याला सोडणाऱ्या बायकोने केसांतल्या पिनेपर्यंत सर्व नवऱ्याच्या घरी ठेवायचे आणि बेटावर हद्दपार व्हायचे. नवऱ्याने तसे केले तर हुंडा परत आणि दुसरे लग्न नाही. केलेच तर पहिलीने त्याच्या घरात घुसून दुसरीचा हुंडा उचलायचा.

पश्चिमेत शेवटी ऑगस्टिन या धर्मशास्त्री बिशपचे मत रुजले: व्यभिचारामुळे वेगळे राहता येते, विवाहबंध मात्र एकाच्या मृत्यूपर्यंत टिकतो. आयुष्याच्या अखेरीस आपल्याच ग्रंथांची झाडाझडती घेताना त्याने हा प्रश्न आपल्याकडून पुरता सुटलेला नाही अशी कबुली दिली. त्याचे नाव घेऊन निकाल देणाऱ्यांनी ती क्वचितच उद्धृत केली. पूर्वेकडच्या (ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेच्या) चर्चने दुसरे लग्न आदर्श मानले नाही, पण दुबळ्या माणसाला सवलत म्हणून प्रायश्चित्तासह मान्य केले. तिथल्या बासिल या बिशपच्या नियमांत दुसऱ्या लग्नाला एक-दोन वर्षांचे प्रायश्चित्त आहे, तिसऱ्याला रूढीने पाच वर्षे. चौथे लग्न मात्र बायझंटाईन सम्राट सहावा लिओ याने करून दाखवल्यावर ९२० मध्ये कायमचे बंद झाले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५६३ मध्ये व्यभिचारानेही विवाह तुटत नाही हा नियम लिहिताना मुद्दाम वळसा घेतला: चर्च असे शिकवते तेव्हा चुकते, असे म्हणणाऱ्याला बहिष्कृत केले, वेगळे आचरण करणाऱ्याला नाही. व्हेनिसच्या ताब्यातल्या बेटांवरची, पूर्वेकडची रीत पाळणारी ग्रीक प्रजा दुखावू नये, ही व्हेनिसच्या दूतांची मागणी होती. ल्यूथर, कॅल्विन आणि इतर सुधारकांनी मत्तयचा अपवाद पुनर्विवाहालाही लावला, आणि टाकून जाणे हे कारण पौलाकडून घेतले.

रोमन कॅथलिक व्यवस्थेत बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा, शरीरसंबंधाने पूर्ण झालेला विवाह कोणीच मोडू शकत नाही. तसा तो पूर्ण झाला नसेल तर पोप मोडू शकतात. दोघेही बाप्तिस्मा न झालेले असताना लग्न झाले आणि पुढे एकाने बाप्तिस्मा घेतला, तर दुसऱ्याला आधी विचारावे लागते: तू बाप्तिस्मा घेतोस का, निदान शांतपणे सोबत राहतोस का? नकार आल्यास पौलाच्या वचनानुसार नवे लग्न करता येते. उरते ती शून्यता, म्हणजे लग्नाच्या क्षणी संमती सदोष होती, प्रतिबंध होता किंवा विधी पाळला नव्हता, म्हणून विवाह झालाच नाही असा निवाडा. अर्जदार कारणे मांडतो, साक्षीपुरावे होतात, आणि विवाहाच्या बाजूने लढायला चर्चचाच एक अधिकारी, बंधनरक्षक, असतो. हे पद १७४१ मध्ये सक्तीचे झाले. तेव्हापासून साधारणपणे दोन न्यायालयांचे एकमत लागे, ते बंधन २०१५ मध्ये निघाले. लग्नानंतर बिघडलेल्या गोष्टी इथे पुरावा म्हणून उपयोगी पडतात, कारण म्हणून नाही. बहुतेक अर्ज इथेच लंगडे पडतात: वीस वर्षांच्या छळाची पाने भरलेली असतात आणि लग्नाच्या दिवसाबद्दल एक ओळ नसते.

आपल्या वार्ताहरांसाठी दोन-तीन व्यावहारिक गोष्टी. दिवाणी घटस्फोट घेतलेल्या कॅथलिक व्यक्तीला केवळ त्या कारणाने प्रभुभोजन बंद होत नाही; पहिला जोडीदार हयात असताना, शून्यतेच्या निवाड्याशिवाय दुसरा संसार थाटला की अडचण येते. यहुदी स्त्रीने दिवाणी निकालावर थांबणे मात्र महागात पडते. सूटपत्राविना तिने केलेल्या दुसऱ्या लग्नातली मुले ऑर्थोडॉक्स कायद्यात मामझेर ठरतात, तर तिच्या नवऱ्याने तेच केले तर त्याच्या मुलांवर तो डाग येत नाही. सूटपत्र मिळाल्यावरही नव्या लग्नाआधी तीन महिने थांबावे लागते, पुढच्या मुलाचा बाप कोण याचा संशय राहू नये म्हणून. आणि कॅथलिक न्यायालयाच्या निकालाची बातमी देताना ‘चर्चने घटस्फोट मंजूर केला’ असे छापू नये. ‘विवाह शून्य ठरवला’ असे लिहिल्यास मुले अनौरस झाली का, असा प्रश्न वाचक विचारतील; त्याचे उत्तर चर्चच्या कायद्याच्या ११३७ व्या कलमात आहे: दोघांपैकी एकाने जरी प्रामाणिक समजुतीने लग्न केले असेल, तरी मुले औरसच राहतात.

आपला,
एक वाचक